चाळिसाव्या फेरीचा पाहुणा

मित्रांनो, मी एक जुना गिअर आहे. दातेरी चाक म्हणा हवं तर. मला एकशे सत्तावीस दात आहेत आणि त्यातला एक माझा नाही. तो कुणाचा आणि माझ्या अंगावर कसा आला, हे सांगायला आज तोंड उघडलं आहे. एरवी आमच्या जातीला दात भरपूर असले तरी बोलायची सवय नसते.

तुम्ही बाटलीचं फिरकीचं झाकण लावता ना, त्याच्या आत जे वळसे असतात त्यांना आटे म्हणतात. लोखंडी दांड्यावर असे आटे पाडायचे तर लेथ लागतो. लेथवर दांडा गरगर फिरतो आणि धारदार हत्यार त्याच्या अंगावरून हळूहळू पुढे सरकतं. किती फिरल्यावर किती सरकायचं, हे ठरवतो आम्ही गिअर. आमचा लेथ जुना, इंचात मोजणारा. बाहेरचं जग मात्र मिलिमीटरवर आलेलं. पाच इंच म्हणजे बरोबर एकशे सत्तावीस मिलिमीटर, एक केसही इकडेतिकडे नाही. म्हणून या दोघांची सोयरीक जुळवायला एकशे सत्तावीस दातांचा गिअरच हवा. एकशे सव्वीस चालत नाही, एकशे अठ्ठावीसही चालत नाही. थोडा गर्व वाटतो मला याचा, लपवत नाही.

मला घडवलं वस्तादांनी. ते टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारे कारागीर होते. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं वर्कशॉप आणि मागच्या खोल्यांत संसार, मध्ये फक्त एक दार. गिअर कापताना गोल चकतीचे सारखे भाग करावे लागतात. एकशे वीस दात हवे असते तर काम सोपं होतं, कारण एकशे वीसचे दोन सारखे भाग होतात, तीन होतात, पाचही होतात. असे भाग पाडायच्या भोकांच्या तबकड्या वस्तादांच्या कपाटात होत्या. पण एकशे सत्तावीसला कुठलीच तबकडी लागू पडेना. शेवटी वस्तादांनी एका म्हाताऱ्या टर्नरकडून त्याचा झिजलेला एकशे सत्तावीसचा गिअर उसना आणला, तो माझ्या मागे एकाच दांड्यावर बसवला आणि त्याचा एकेक दात मोजून माझा एकेक दात कापला. म्हणजे मला जन्माला घालायला माझ्यासारखाच आधी कुणीतरी असावा लागला. मग त्याला कुणी घातलं असेल, आणि त्याच्या आधीच्याला? मी अजूनही या विचाराने अस्वस्थ होतो. तो म्हातारा गिअर परत गेला आणि पुढे वितळवला गेला असं ऐकलं.

वस्तादांना दोन मुलं. मोठा दादा आणि धाकटी. दादा लवकरच दूरच्या कारखान्यात नोकरीला लागला. धाकटी शाळेतून आली की दप्तर टाकून थेट वर्कशॉपमध्ये येई. एकदा तिने मला बाकावर आडवं ठेवलं आणि खडूने माझ्या दातांचे वाटे करायला घेतले. दोनदोनचे केले, एक दात उरला. तीनतीनचे केले, पुन्हा एक उरला. पाचांचे करताना दोन उरले, सातांचे करताना एक, अकरांचे करताना सहा. ती रडकुंडीला आली.

"बाबा, तुमच्या गिअरला भागच जात नाही!"

"मग तोच तर त्याचा गुण," वस्ताद म्हणाले. "कापताना माझ्या तोंडचं पाणी पळवलंय त्याने."

पुढे शाळेत तिला कळलं की अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात. एक आणि ती स्वतः, एवढेच तिचे सोबती. मग कॉलेजात गेल्यावर ती माझी वंशावळच घेऊन आली. तीन दोन घेऊन एकमेकांशी गुणा आणि त्यातून एक वजा करा, सात येतात. तसेच सात दोन घेऊन एकमेकांशी गुणा आणि एक वजा करा, एकशे सत्तावीस येतात, म्हणजे मी. आता एकशे सत्तावीस दोन गुणा आणि एक वजा करा. एकोणचाळीस आकड्यांची भलीमोठी संख्या येते, आणि तीसुद्धा मूळ! जगातल्या कुठल्याच छोट्या संख्येने तिला भाग जात नाही. माझा मुलगा म्हणा ना. नाकापेक्षा मोती जड अशातली गत आहे, पण मुलगा आहे.

धाकटीने ती संख्या पाठ केली होती. वस्ताद लेथ चालवत आणि ती लेथच्या तालावर तीन-तीन आकड्यांचे घास करून म्हणे, "एकशे सत्तर, एकशे एक्केचाळीस, एकशे त्र्याऐंशी, चारशे साठ..." शेवटचा घास सातशे सत्तावीस. तेवढा आला की वस्ताद मान डोलावत.

एकदा त्यांनी विचारलं, "आणि याच्या पुढची? एवढे दोन गुणून एक वजा केला तर?"

"ती मूळ आहे की नाही, कुणालाच माहीत नाही बाबा. ती लिहायला जगातला सगळा कागद पुरणार नाही."

"म्हणजे आहे, पण कुणाला दिसत नाही," वस्ताद म्हणाले आणि कामाला लागले.

आता त्या पाहुण्या दाताची गोष्ट. वस्तादांना चहाची भारी तलफ. हाक मारायचा कंटाळा, म्हणून ते हातातला पाना माझ्यावरच्या लोखंडी झाकणावर एकदा आपटत. टण्! की आतून मुलांच्या आईंचा आवाज येई, "आले हो, आले!" आणि पाठोपाठ कप. एक दिवस झाकण उघडं असताना तोच पाना कडेवरून घसरला आणि माझ्या आणि शेजारच्या चाळीस दातांच्या छोट्या गिअरच्या मध्ये पडला. माझा एक दात मुळापासून तुटला. छोट्याचा एक दात ठेचला गेला. दोघेही एकाच क्षणी जखमी झालो, एकमेकांच्या तोंडात तोंड घालून.

दुसरा कुणी असता तर त्याने मला भंगारात टाकलं असतं. वस्तादांनी तुटल्या जागी खाच पाडली, पोलादाचा तुकडा बसवला, पितळ वितळवून पक्का जोडला आणि कानशीने घासून घासून त्याला दाताचा आकार दिला. नवा दात सगळ्यांशी नीट जुळला. फक्त छोट्याच्या त्या ठेचलेल्या दातासमोर आला की आवाज व्हायचा. टण्! अगदी पाना आपटल्यासारखा.

मित्रांनो, इथे माझं मूळ असणं आडवं आलं. मी एकशे वीस दातांचा असतो तर माझा दर दात छोट्याच्या ठरलेल्या एकाच दाताला जन्मभर भेटत राहिला असता आणि बाकीच्यांचं तोंडही त्याने पाहिलं नसतं. पण एकशे सत्तावीस आणि चाळीस यांना एकाखेरीज कुणाचाच सामाईक भाग जात नाही. म्हणून माझा प्रत्येक दात छोट्याच्या प्रत्येक दाताला भेटतो, कुणालाही न वगळता, आणि मगच पहिल्याकडे परततो. माझ्या चाळीस फेऱ्या झाल्या की ते दोन जखमी दात समोरासमोर येतात. त्यातून आटे पाडताना लेथ सारखा पुढे-मागे फिरवावा लागतो. दात जवळ येतो, लांब जातो, पुन्हा जवळ येतो. त्यामुळे तो आवाज कधी दिवसात तीनदा यायचा, कधी आठवडाभर नाही.

आवाज झाला की आतून, "आले हो, आले!" आणि चहा हजर. वस्ताद गुपचूप कप घेत आणि आई वळल्या की माझ्याकडे बघून डोळा मिचकावत. "पाहुणा आला आणि चहा मला मिळाला," असं म्हणत. धाकटीला सगळं ठाऊक होतं. पण "आईला सांगशील तर याद राख," असा दम होता, म्हणून तीही गप्प बसे.

धाकटीचं लग्न झालं, दुसऱ्या गावच्या शाळेत ती गणित शिकवू लागली. आणि एका दुपारी चहा पिऊन झाल्यावर वस्तादांनी स्टुलावर बसल्या बसल्या माझ्या झाकणाला डोकं टेकलं. मला वाटलं, डुलकी लागली असेल. त्यांच्या कपाळाची ऊब झाकणातून मला लागत होती. ती हळूहळू गेली. मी नुसता लोखंडाचा, कुणाला हाक मारणार?

दादा नोकरी सोडून परत आला आणि त्याने लेथ सुरू केला. पंपाचा एक दांडा होता, त्यावर आटे पाडायचे होते. तो दांडा पुढे-मागे फिरवत होता. मला कळत होतं की दात जवळ येतोय. मी थांबू शकलो नाही. टण्!

"आले हो, आले!"

आई ओल्या हातांनी धावत आल्या आणि दारात थबकल्या. लेथवर दादा होता. त्याच्या हातात पाना नव्हता. आईंनी स्टुलाकडे पाहिलं, मग झाकणाकडे. आत गेल्या, चहा करून आणला आणि कप झाकणावर ठेवला. तो तिथेच गार झाला.

त्या दिवसापासून आई वर्कशॉपमध्येच बसू लागल्या. विणकाम मांडीवर आणि कान माझ्याकडे. आवाज आला की चेहरा उजळायचा, न आला तर संध्याकाळी काळवंडायचा. "हे आले होते आज," असं दादाला जेवताना सांगायच्या. दादाच्या अंगावर काटा यायचा. त्याला खरं कारण माहीत नव्हतं. तो झाकण उघडून पुन्हा पुन्हा पाही, पण लेथ थांबल्यावर कुठलाही दात दुसऱ्या दातासारखाच दिसतो.

अशात आईंची दृष्टी अधू होऊ लागली. डॉक्टर म्हणाले, मोठ्या दवाखान्यात नेऊन लवकर ऑपरेशन करा, नाहीतर दोन्ही डोळे जातील. तो दवाखाना धाकटीच्या गावी होता. दीड-दोन महिने तिकडेच राहावं लागणार होतं. आईंनी साफ नकार दिला.

"मी तिकडे आणि इकडे हे आले तर? हाक मारतील, कुणी ओ द्यायचं?"

"आई, अगं बाबा नाहीत आता," दादा काकुळतीला आला.

"मग मला कोण बोलावतं रे?"

सुंभ जळाला तरी पीळ जायचा नाही अशी त्याची आई. शेवटी त्याने मनाशी ठरवलं की आवाजच बंद करायचा. आवाज गेला की आशा सुटेल आणि आई डॉक्टरकडे येईल. आई झोपलेल्या असताना त्याने मला काढलं आणि माझ्या जागी दोन-तीन छोटे गिअर असे जोडले की हिशेब जवळपास तितकाच यावा. दुधाची तहान ताकावर. मला बाकाखालच्या डब्यात मोडक्या ड्रिलच्या तुकड्यांत टाकलं. तिथून मला लेथचा आवाज ऐकू यायचा. छोटा गिअर दुसऱ्यांबरोबर फिरत होता. आणि आई स्टुलावर बसून वाट पाहत होत्या.

आशा सुटली खरी, पण भलतीच. आईंना वाटलं, वस्ताद रुसले. त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागल्या. जेवण दोन घासांवर आलं. डोळ्यांचं नाव काढलं की म्हणत, "आता बघायचंय काय?" इकडे पंपवाला सगळे दांडे परत घेऊन आला. "पहिले चार आटे नट लोण्यासारखा जातो आणि मग हटून बसतो. तुझ्या बापाच्या हातचं असं कधी झालं नव्हतं." दादाने डोक्याला हात लावला आणि बहिणीला फोन केला.

धाकटी आली. आल्या आल्या तिने झाकण उघडलं.

"दादा, एकशे सत्तावीस कुठाय?"

"काढला. भुताटकी आहे त्याच्यात. त्याच्याऐवजी छोटे लावलेत, फरक केसाएवढा आहे."

"दर आट्याला एक केस, अरे! चार आट्यांत नट अडकेल नाही तर काय? आणि छोटे कितीही जोडलेस तरी ते एकमेकांशी गुणलेच जाणार. छोट्यांच्या गुणाकारातून एकशे सत्तावीस येत असता तर त्याला मूळ कशाला म्हटलं असतं?"

मग तिने डबा उपसला. माझ्यावर गंज चढायला लागला होता. तिने मला रॉकेलने धुतलं, पुसलं आणि तशीच आईंच्या खाटेपाशी गेली.

"आई, उठ. बाबांचा आवाज दाखवते तुला."

आई कोपरावर उठल्या. धाकटीने मला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि त्यांचं बोट माझ्या दातांवरून फिरवलं. त्यांना दिसत फारसं नव्हतंच. बोट गुळगुळीत दातांवरून सरकत सरकत आलं आणि एके ठिकाणी थांबलं.

"हा वेगळा आहे."

"तो बाबांनी बसवलाय, पाना पडून तुटला होता तेव्हा. तोच वाजतो." आणि तिने सगळं सांगितलं. चाळीस फेऱ्या, ठेचलेला दात, आणि चोरून प्यायलेले चहासुद्धा. दादा दारात उभा होता. त्याला भीती वाटत होती की आता आई पुरती कोसळेल. खरं सांगू, मलाही वाटत होती. आतापर्यंत त्या आवाजात वस्ताद होते, आता नुसतं लोखंड उरणार होतं.

आई कितीतरी वेळ तो दात चाचपत राहिल्या.

"म्हणजे निम्मे चहा फुकटचे उकळले की ह्यांनी माझ्याकडून!" त्या म्हणाल्या. आणि हसता हसता रडायला लागल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "कानस तिरकी मारायचे. माझ्या कात्रीची मूठ घासून दिली होती ना, तिच्यावर अशाच रेघा आहेत. ह्यांच्याच हातचा दात आहे हा. मग आवाज दुसऱ्या कुणाचा असेल?"

धाकटीने मला माझ्या जागी बसवलं. दादाने हत्यार बाजूला केलं. आई म्हणाल्या, "मी फिरवते." दांडा पकडणारं लोखंडी चक दोन्ही हातांनी धरून त्या ते फिरवू लागल्या, सावकाश, एकाच बाजूने. माझ्यावर खडूची खूण होती, ती वर आली की धाकटी फेरी मोजायची.

"अगं, तो तुझा मोठा आकडा म्हण ना. ह्यांना आवडायचा."

"एकशे सत्तर, एकशे एक्केचाळीस..."

एकतिसाव्या फेरीला माझा दात ठेचलेल्या दातासमोर आला. टण्.

आईंचे हात थांबले. "योगायोगही असेल," त्या म्हणाल्या. "आता पुन्हा." आणि पुन्हा फिरवू लागल्या. एकोणचाळीस झाल्या. चाळिसाव्याला टण्.

"गिअर काढून पुन्हा कसाही लावला तर?"

"कसाही लाव, कुठूनही सुरू कर. चाळीसच्या आत भेट होतेच. मूळ संख्या आहे आई, कुणाला चुकवत नाही."

"महिन्याने फिरवला तर?"

"वर्षाने फिरवलास तरी."

आईंनी हात पदराला पुसले. "मग मी इथे बसून काय करतेय? बॅग भरा माझी. परत येईन तेव्हा असतीलच ना हे."

एक डोळा वाचला, दुसरा गेला. परत आल्यावर आईंनी त्या एका डोळ्याने माझा पितळी सांध्याचा दात पहिल्यांदा पाहिला. दादाने पुढे नवीन मशीन घेतलं. त्यात बटण दाबलं की हवे ते आटे पडतात, माझी गरज नाही. जुना लेथ कोपऱ्यात गेला, पण आईंनी तो विकू दिला नाही. रोज संध्याकाळी त्या यायच्या, चक हाताने फिरवायच्या आणि आवाज झाला की "आलात? बरं," म्हणून आत जायच्या. कित्येक वर्षं हा नेम चालला. एका संध्याकाळी सव्वीस फेऱ्यांवर त्यांना धाप लागली. "आज दमले हो. बाकीच्या उद्या," असं मला म्हणाल्या आणि भिंतीला धरत आत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या उठल्या नाहीत.

त्यानंतर मला कुणी फिरवलेलं नाही. दादा थकला आहे, धाकटी लांब आहे. माझ्या दातांत धूळ बसली आहे आणि ग्रीस वाळून खडखडीत झालं आहे. अधूनमधून आतल्या खोलीत कप वाजल्यासारखं वाटतं, पण ती खोली बंद असते. सव्वीस झाल्या आहेत, चौदा राहिल्या आहेत. वस्तादांचा दात वाटेत थांबलेला आहे.

मित्रांनो, जुनं यंत्र दिसलं की लगेच भंगारवाल्याला हाक मारू नका. आधी त्याला दोन थेंब तेल घाला, गंज पुसा आणि हाताने फिरवून पाहा. ते कुणाच्या तरी हातचं असतं. आणि कधी एखाद्या घराच्या पुढच्या खोलीत, कोपऱ्यात, झाकणावर चहाच्या कपाचा गोल डाग असलेला लेथ दिसला, तर तो मी. मला एकाच बाजूने चौदा फेऱ्या द्या. मग टण् असा आवाज येईल. घाबरू नका, फक्त कुणीतरी म्हणा, "आले हो, आले."